उलटा हात, सुलटा हात

"मखमल असेल तर शिलाई नऊशे," मास्तर म्हणाले. "साधा अस्तराचा असेल तर साडेचारशे."

"का हो? माप तेच, गळा तोच, हुक सहाच. मखमलीच्या ब्लाउजला तिसरी बाही असते का?"

मास्तरांनी दाताने दोरा तोडला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "तिसरी नसते ताई. पण ज्या दोन असतात त्या एका रंगाच्या दिसाव्या लागतात."

मला वाटलं, मास्तर गंमत करतायत. एकाच तुकड्यातून कापलेल्या बाह्या दोन रंगांच्या कशा दिसतील? वर त्यांनी तारीख दिली पंधरा डिसेंबर. भाचीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. मी मापाचा ब्लाउज पिशवीत परत कोंबला आणि म्हटलं, "राहू द्या. मीच शिवते घरी."

"बरं," मास्तर म्हणाले. एवढंच. ते 'बरं' कसलं होतं ते कळायला मला तीन आठवडे लागले.

माझी लायकीही सांगून टाकते. दहावीच्या सुट्टीत आईने मला शिवणक्लासला घातलं होतं. आईचं मशीन १९७१ सालचं, पायाचं, काळं कुळकुळीत आणि अंगावर सोनेरी वेलबुट्टी. ती गेल्यावर दागिन्यांच्या वाटणीत मी फार बोलले नाही, पण मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. त्यावर मी आजवर अभ्रे, परकर, झबली, पडदे, बाजाराच्या पिशव्या आणि मिक्सरला घालायचं झालरीचं कव्हर असं बरंच काही शिवलंय. सुती ब्लाउज तर मी सातच्या बातम्या ऐकत शिवते. तेव्हा मखमल म्हणजे काय, सुताची जरा शिकलेली बहीण, एवढाच माझा अंदाज.

मखमलीची आणि माझी पहिली ओळख खरं तर कापडाची नव्हेच. आजोळी मृगाचा पहिला पाऊस पडला की अंगणात लालभडक मखमली किडे निघायचे. मृगाचे किडे. आम्ही पोरं त्यांना काडेपेटीत भरायचो. बोट लावलं की तो इवलासा जीव पाय पोटाशी घेऊन निपचित पडायचा. कितीही चुचकारा, हलायचा नाही. हात काढला की मिनिटभराने आपल्या मनाने, आपल्याला हव्या त्या दिशेने चालू लागायचा. मखमलीचा स्वभाव मला सातव्या वर्षीच कळला होता म्हणायचा. विसरले.

कापड घ्यायला रविवार पेठेत गेले. आईची जांभळी पैठणी बरोबर नेली होती, पदरावरच्या पोपटांचा हिरवा जुळवायला. दुकानात इतर कापडांचे गठ्ठे होते, मखमल मात्र नळकांड्यांवर गुंडाळून उभी. घडी घातली की तिथली लव मोडते आणि ती घडी जन्माला पुरते, असं दुकानदार म्हणाले. त्यांनी एकेक ताका आडवा केला. चुरगळल्यासारखी दिसणारी क्रश व्हेल्व्हेट, अंगाला चिकटून बसणारी स्ट्रेच (माझ्या वयाला चालेल, पोटाला चालणार नाही), मग साधी. हौसेने मी रेशमी मखमल विचारली, भाव ऐकला आणि कापडावर ठेवलेला हात सावकाश काढून घेतला.

शेवटी साधी, गर्द हिरवी ठरली. "कशी मीटर?" म्हटल्यावर दुकानदारांनी तोंडाने काही न सांगता बोटाने कापडावरच आकडा लिहिला: ४००. बोट फिरलं तिथली लव उलटी झाली आणि आकडा काळसर, ठसठशीत उमटला. मग त्यांनी वरून एकदा तळहात फिरवला. आकडा गेला. पाटी पुसावी तसा! मला इतकी मजा वाटली की मीही माझं नाव लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. हेच कापड महिन्याभरात माझ्या अंगावर असणार आणि त्यावर कोणीही, कुठेही, काहीही लिहून जाईल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

"सव्वा मीटर देतो," ते म्हणाले.

"एकच द्या. मला ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर पुरतं."

"सुतीला पुरत असेल. ह्याला दिशा असते ताई. सगळे भाग एकाच तोंडाने बेतायचे. गडद रंग हवा तर लव वरच्या अंगाला ठेवायची. खालून वर हात फिरवला की गुळगुळीत लागला पाहिजे. एक भाग सरळ, एक उलटा असं करून कापड वाचवता येत नाही."

"मी माझं बघते," मी म्हटलं. पुण्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कापड वाचवता येत नाही असं सांगणं हा काय प्रकार आहे! मी एकच मीटर घेतलं. शंभर रुपये वाचले. ते शंभर रुपये मला पुढे किती महाग पडले त्याचा हिशेब अजून चालू आहे.

घरी येऊन थोडं वाचलं, थोडे व्हिडिओ पाहिले. मखमल विणतात कशी ते कळल्यावर मात्र मी गप्प झाले. दोन कापडं एकावर एक, तोंडाला तोंड लावून एकदमच विणतात. मधे उभे धागे असतात, ते ह्या कापडातून त्या कापडात सतत ये-जा करून दोघांना जोडून ठेवतात. मग त्या दोघांच्या मधोमध पातं चालतं. दोन मखमली वेगळ्या होतात आणि तुटलेल्या धाग्यांची टोकं म्हणजे तिची लव. (टर्किश टॉवेल हा तिचा गरीब चुलतभाऊ. त्याच्या धाग्यांची वेटोळी न कापता तशीच ठेवतात, म्हणून तो गुणी निघतो आणि कसाही वापरता येतो.) तर अशा ह्या सख्ख्या, एकत्र वाढलेल्या आणि पातं घालून वेगळ्या केलेल्या दोन बाजू. शिवताना आपण काय करतो? त्यांना परत तोंडाला तोंड लावून बसवतो आणि म्हणतो, आता जुळवून घ्या. वाटण्या झालेल्या भावांना एका पाटावर बसवून पाहिलंय कधी? आमच्या घरात पाहिलंय. एक पुढे सरकतो, दुसरा मागे. मखमल हुबेहूब तेच करते.

मखमल हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. अकबराच्या दरबारातल्या कापडांच्या यादीतही मखमलीचे प्रकार नोंदलेले आहेत. म्हणजे चारशेहून जास्त वर्षं हे कापड ह्या देशात आहे. अर्थात बादशहाला काय, त्याला घरी शिवायचं नव्हतं.

बेतायचा दिवस उजाडला. जेवणाचं टेबल पुसलं. मखमल पालथी झोपवली, म्हणजे तिची लवेची बाजू खाली. दुहेरी घडीवर कापायचं नसतं, आतल्या आत लवेला लव लागते आणि खालचा थर गुपचूप सरकतो. म्हणून एकेक भाग सुटा, आणि बाहीचा कागद दुसऱ्या वेळी पालथा. दोन्ही बाह्या उजव्याच हाताच्या कापता कापता वाचले. टाचण्या लावायच्या नाहीत, भोकं राहतात. लावायच्याच तर मायेत. शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडतो त्याला आपल्याकडे माया म्हणतात, हा शब्द ज्या कुणी काढला त्याला माझा नमस्कार. टोचायचं तर मायेतच टोचा, बाहेर दिसत नाही.

मागचा भाग बसला. पुढचे दोन भाग बसले. कमरेची पट्टी, गळ्याची पट्टी बसली. उजवी बाही बसली, कोपरापर्यंतची, ऐसपैस. डाव्या बाहीला चार बोटं कापड कमी पडलं.

मी कागद इकडे सरकवला, तिकडे सरकवला. तिरका केला. पट्टी हलवली. चार बोटांची तीन झाली, दोन झाली, मग पुन्हा चार. शेवटी कागद उलटा फिरवला, कोपराची बाजू वर आणि खांद्याची खाली, आणि तो अस्सा बसला! जणू त्याच जागेसाठी जन्माला आला होता. दुकानदारांचा आवाज कानात आला. पण पाठच्या बाजूने मखमल दिसते साध्या कापडासारखी, तिला कसली दिशा नि कसलं काय. घरात तेव्हा कुणी नव्हतं. मी कात्री चालवली.

कात्रीबरोबर लव सुटली. मखमलीच्या कापलेल्या कडेतून लव गळते हे मी वाचलं होतं, पण किती गळते ते कुणी लिहिलं नव्हतं. टेबलावर, चष्म्यावर, माझ्या भुवयांवर, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर हिरवी धूळ. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पोह्यांचा घास घेतला आणि म्हणाला, "कोथिंबीर बारीक चिरलीयस आज." मी म्हटलं, "हो." पुढचे चार दिवस तो हिरवं शिंकत होता.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचे, म्हणजे नवरीच्या आईचे, रोज दोन फोन. मुलाकडच्यांचे मानपान. अमुक काकूंना साडी नेसती हवी की नुसती मानाची चालेल, आत्याबाईंना कोणी आधी बोलवायचं, पंगतीत मुलाच्या आजींना उजवीकडे बसवायचं की मधे. मी एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने कच्चे टाके घालत असायची.

"माणसं वाईट नाहीत गं," बहीण म्हणाली. "पण सांभाळावं फार लागतं."

"उलटा हात फिरवायचा नाही," मी म्हटलं. "दाबायचं नाही, टोचायचं नाही. चुरगळलंच तर लांबून वाफ द्यायची आणि आपोआप वर येईपर्यंत वाट बघायची."

"विहीणबाईंना वाफ?"

"नाही गं, मी ब्लाउजचं बोलतेय."

"मग बरोबरच आहे," बहीण म्हणाली आणि ते सगळं तिने वहीत उतरवून घेतलं.

आता टीप. पहिली शिवण मी माझ्या नेहमीच्या रुबाबात मारली. कच्चा टाका एकच घातला होता, तोही लांब लांब. मशीन धावलं, बातम्या चालू होत्या, सगळं नेहमीसारखं. टोकाला पोहोचले तर वरचा थर खालच्यापेक्षा पाऊण इंच पुढे! दोन्ही मीच कापलेले, एकाच मापाचे, दोनदा टेप लावून पाहिलेले. कारण सोपं आहे: खालचे दाते खालच्या थराला मागे ओढतात, वरून दाबाचा पाय वरच्या थराला पुढे ढकलतो, आणि मधे दोघींची लव एकमेकींवर गोळ्यांसारखी घरंगळते. सुतात हे होत नाही कारण सुताला सुत धरून ठेवतं. मखमलीला मखमल नको असते.

उसवलं. इथे मला पहिल्यांदा रडू आलं. सुती कापड उसवलं की पाण्याचा हात फिरवला, इस्त्री केली, झालं. मखमल उसवली की टाक्यांच्या ओळीत बारीक भोकं राहतात आणि भोकांच्या बाजूने लव निघून टक्कल पडतं. रांगेत पेरल्यासारखं. ते सगळं मायेच्या आत ढकलायचं तर शिवण पाव इंच आत घ्यायला लागली, आणि ब्लाउज पाव इंचाने तंग झाला. दोन्हीकडून घेतली म्हणून अर्धा. लग्नाला तीन आठवडे होते. मी साखर सोडली.

दुसऱ्यांदा मात्र शिस्तीत. मशीनच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू सैल करायचा होता. तो आईने बहुधा १९७१ नंतर फिरवला नसावा. खोबरेल लावलं, पक्कड लावली, आईची क्षमा मागितली आणि कर्रर्र करून तो एकदाचा सुटला. नवी बारीक सुई. टाका मोठा, इंचाला आठ-नऊ. कच्चे टाके दोन ओळींत, जवळजवळ, आणि त्यांच्यावरून तिरके. एका शिवणीला हाताने टाकायला अर्धा तास आणि मशीनवर मारायला अर्धं मिनिट. तेही पाय एवढा हळू हलवत, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, मशीन बिघडलंय का. टीप मारायची ती लवेच्या दिशेने, खालून वर. डाव्या बाहीशी आल्यावर मी जरा घुटमळले. तिची दिशा कुठली? मग विचार करणं सोडून दिलं. त्या आठवड्यात मी पुष्कळ गोष्टींचा विचार करणं सोडून दिलं होतं.

शिवून झालं. आता इस्त्री. मखमलीवर इस्त्री ठेवायची नाही हे मला माहीत होतं, तरी एका कातरणावर टेकवून पाहिली. टेकवलीच फक्त. लव झोपली ती झोपलीच, त्या जागी आरशासारखा चकचकीत त्रिकोण. ह्यासाठी म्हणे खास पाट असतो, त्याला हजारो बारीक तारा उभ्या लावलेल्या असतात. लव त्या तारांत शिरते आणि मोडत नाही. बोहरी आळीत जाऊन मी तसा पाट विचारला. दुकानदारांनी शांतपणे मला गंज काढायचा तारेचा ब्रश दाखवला. मी म्हटलं, मखमलीसाठी हवाय. त्यांनी ब्रश परत घेतला आणि गिऱ्हाईक दुसऱ्या माणसाकडे सोपवलं.

पाट नाही तर वाफ. पण वाफेची इस्त्री आमच्याकडे नाही. आमच्याकडे मोदकपात्र आहे.

खालच्या भांड्यात पाणी उकळायला ठेवलं, वर जाळी ठेवली, मोदक मात्र नाहीत. ब्लाउज उलटा करून वाफेवर धरला, हातभर उंच. आणि काय सांगू! पिचलेली लव डोळ्यांदेखत उठून उभी राहायला लागली, पावसाळ्यात गवत उठतं तशी. कच्च्या टाक्यांच्या खुणा गेल्या, मी ज्या ज्या जागी चिमटीत धरला होता तिथले डाग गेले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते कापड माझ्याशी बरं वागत होतं. वासाने नवरा स्वयंपाकघरात आला. "आज संकष्टी आहे का?" मी ब्लाउज दाखवला. तो निराश होऊन गेला.

इतक्यात फोन. बहीण. विहीणबाईंनी निरोप पाठवला होता की मानाच्या साड्यांत एक कमी आहे. तिचा आवाज रडवेला. मी एका हातात फोन धरला, ब्लाउज टेबलावर पसरला आणि तो घसरू नये म्हणून दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. चांगला दाबून ठेवला. "हे बघ," मी म्हटलं, "माझ्याकडे एक नारायणपेठी कोरी पडलीय, ती देऊ." दहा मिनिटं तिची समजूत घातली. समजूत घालताना माणूस जसा हात दाबतो तसाच मी ब्लाउजवर दाबत होते.

ओल्या, गरम मखमलीला हात लावायचा नसतो. ती सुकेपर्यंत जे वर पडेल ते कायमचं. फोन ठेवून हात उचलला, तर पाठीवर डाव्या अंगाला माझा पंजा. पाचही बोटं, करंगळीच्या अंगठीसकट. गृहप्रवेशाला भिंतीवर कुंकवाचे हात उमटवतात, तसा. पुन्हा वाफ दिली, पुन्हा, तिसऱ्यांदा पाणी आटून मोदकपात्र करपलं. पंजा फिका झाला, पण गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लाउज खिडकीत उजेडाला टांगला. माझा नवरा. घरातले पडदे बदलून आठ महिने झाले तरी त्याच्या लक्षात आलेलं नाही. मी केस कापून आले तर तो विचारतो, "चष्मा नवा का?" हा माणूस चहाचा कप घेऊन खिडकीपाशी गेला, थांबला आणि म्हणाला, "ह्या बाह्या दोन वेगळ्या हिरव्या मुद्दाम घेतल्यास का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उजवी बाही देवराईच्या जंगलासारखी गर्द. डावी बाही कैरीच्या पन्ह्यासारखी, वर एक चमक. एकाच मीटरमधल्या. मी ब्लाउज उलटा टांगला, तर आता डावी गर्द आणि उजवी पन्हं. त्यातून मार्ग काढायला मी खाली डोकं वर पाय करून लग्नाला जाण्याचाही क्षणभर विचार केला.

मास्तरांकडे जावंच लागलं. निमित्त इंटरलॉकचं. आतून लव गळायची थांबली नाही तर लग्नात माझ्या अंगातून हिरवं पीठ पडलं असतं. मास्तरांनी ब्लाउज हातात घेतला. काही बोलले नाहीत. उजव्या बाहीवरून एकदा हात फिरवला, डाव्या बाहीवरून एकदा. पालथा केला. पाठीवरच्या पंज्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मग अगदी आदराने विचारलं, "पदर डाव्या खांद्यावरच घेणार ना ताई?"

"हो."

"मग पिन नका करू. सुटा सोडा. दंडावरून येऊ द्या मोकळा." थोडं थांबून, शालजोडीतून एक: "सगळं डावीकडेच आलंय, हे एक बरं केलंत."

इंटरलॉकचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ते मला जास्त लागलं.

लग्न छान झालं. पैठणीचा पदर मी डाव्या दंडावरून असा सोडला होता की पाठीवरचा पंजा नि पन्ह्याची बाही दोन्ही पोटात. त्यामुळे दिवसभर माझा डावा हात वापरण्यासारखा नव्हता. मी एका हाताने ओवाळलं, एका हाताने वाढलं, एका हाताने जेवले. दोघांतिघांनी खांदा दुखतोय का विचारलं, एका काकांनी तर फिजिओथेरपिस्टचा नंबर दिला. व्हिडिओवाल्यांच्या दिव्यांखाली डिसेंबरातही आतून उकडून निघाले. खुर्चीला टेकायचं नाही, पाठीची लव बसते. मंगलाष्टकं संपली आणि सगळ्यांच्या अंगावरून अक्षता घरंगळून खाली पडल्या. माझ्या अंगावरून पडल्या नाहीत. कुंकवात भिजलेले तांदूळ हिरव्या लवेत एकेक करून बसले होते, कशिदा काढल्यासारखे. ते वेचायला नंतर तीन मुली बसवल्या.

फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, पदर जरा मागे घ्या ना, छान दिसेल."

"नको," मी म्हटलं. त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी ज्या आवाजात नको म्हटलं त्याने पुढच्या फोटोत सगळे वऱ्हाडी सरळ उभे आहेत.

विहीणबाईंचा मात्र गैरसमज झाला. दिवसभर पदर सांभाळणारी बाई त्यांनी बहुधा फार वर्षांनी पाहिली. जाताना माझा उजवा हात हातात घेऊन, उजव्या बाहीवरून, सुदैवाने सुलटा, हात फिरवत म्हणाल्या, "किती सुरेख बसलाय ब्लाउज. घरी शिवलात म्हणे?" मी नुसतं हसले. नारायणपेठी त्यांना आवडल्याचं बहिणीने नंतर सांगितलं.

ब्लाउज कपाटात आहे, हँगरला, कुणाचा धक्का लागणार नाही असा. पंजा तसाच आहे.

जानेवारी उजाडला आणि भाचीचा फोन. लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आली, हलव्याचे दागिने ठरले, हळदीकुंकवाला सत्तर बायका येणार.

"मावशी, काळा मखमलीचा ब्लाउज शिवून देशील? मला एक. आणि सासूबाईंना पण एक हवाय. तुझा बघितल्यापासून त्यांचं चाललंय."

मी डोळ्यांपुढे आणलं: काळी लव. पोह्यांत, दुधात, भुवयांवर. दोन ब्लाउज, चार बाह्या. विहीणबाईंच्या पाठीवर माझा पंजा.

"राणी," मी म्हटलं, "मी तुला आमच्या मास्तरांचा नंबर पाठवते. फार चांगला हात आहे त्यांचा. नऊशे घेतात, पण काम बघ. आणि कापड सव्वा मीटर घे बरं, एक नको. दोघींचं अडीच घे."

नंबर पाठवला. हात झटकले, मशीनवर कव्हर घातलं आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत फोन परत वाजला.

"मावशी, केला मी त्यांना फोन. तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, मखमल असेल तर माझ्याकडे कशाला, मावशींकडेच द्या." भाची जाम खूश होती. "म्हणाले, त्यांचा चांगला हात बसलाय मखमलीवर. मी स्वतः पाहिलाय."